तुसात मुरलेलं द्राक्षासव

आमच्या नागोठण्याच्या घरी मागच्या कोठीत वर्षानुवर्षं दारू मुरत असे, असं मी सांगितलं की नवी ओळख झालेली माणसं चपापतात. मग मी ‘द्राक्षासव’ म्हणते आणि त्यांचा जीव भांड्यात पडतो. खरं सांगायचं तर दोन्हींत फार अंतर नाही. मनुका, गूळ, मध आणि रस आंबवणारी धायटीची फुलं महिनाभर बंद बरणीत राहिली की त्यांचं मद्य होतंच. ते बाहेरून ओतावं लागत नाही, आपलं आपण तयार होतं. परदेशात द्राक्षांचा रस मुरवून वाईन करतात. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी त्यात पिंपळी, दालचिनी, नागकेशर घालून औषध केलं. दोन चमचे घेतलं तर भूक लागते, अंगात ताकद येते. पेला भरून घेतलं तर काय होतं, ते पुढे सांगतेच.

माझे वडील पेणला वैद्यकी करत. पेणच्या घरी बाळंतिणी, तापातून उठलेली माणसं, मिठागरांत काम करून खंगलेले म्हातारे यायचे आणि बाटली घेऊन जायचे. मी आयुर्वेदाची पदवी घेतली, लग्न होऊन नागोठण्याला आले, आणि ओटीवरच दवाखाना मांडला. आमचे हे शाळेत मास्तर. नव्वद सालानंतरचे दिवस होते. बाजारात कारखान्यांची आसवं मुबलक मिळायची. पण वडिलांच्या हातची चव माझ्या जिभेवर होती, आणि ती बाजारच्या बाटलीत नव्हती. मी ठरवलं, आसव घरीच करायचं आणि घरीच मुरवायचं.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. काळ्या मनुका धुऊन, ठेचून, पाण्यात उकळायच्या. पाणी आटवून गाळायचं. ते पूर्ण गार झालं की त्यात गूळ आणि मध विरघळवायचा, वरून धायटीची फुलं आणि कुटलेली औषधं घालायची. चिनी मातीची बरणी आधी धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, आतून तुपाचा हात फिरवून, कापूर-चंदनाची धुरी देऊन ठेवलेली असते. ती पाऊण भरायची. काठोकाठ भरली तर रस उसळून वर येतो. झाकण ठेवून त्यावर मुलतानी मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. मग ती बरणी भाताच्या तुसात गळ्यापर्यंत पुरायची. तूस म्हणजे गिरणीत भात भरडल्यावर उरणारं टरफल. आमच्याकडे त्याला तोटा नाही. तुसामुळे बाहेर ऊन तापो की पाऊस पडो, आतली ऊब एकसारखी राहते.

महिन्याने बरणीला कान लावायचा. आत चुरचुर ऐकू येत असेल तर काम चालू आहे. आवाज बंद झाला, फुलं तळाशी बसली आणि तोंडाशी धरलेली पेटती काडी विझली नाही, की झालं. मग गाळून दुसऱ्या बरणीत भरायचं, तीही तशीच बांधून तुसात पुरायची आणि विसरून जायचं. खरं मुरणं तिथून पुढे. महिन्याचं आसव तिखट आणि उर्मट लागतं. वर्षाचं गोड होतं. तीन वर्षांचं असेल तर वैद्याने कुलपात ठेवावं.

माझी पहिली बरणी उघडली तेव्हा सगळ्या घरात शिरक्याचा वास सुटला. दुसरीचं तेच. एवढा गूळ, एवढ्या मनुका मोरीत ओतताना डोळ्यांत पाणी आलं. मी पेणला गेले, वडिलांना सांगितलं.

ते म्हणाले, “बरणी ओली होती.”

“दोन दिवस वाळवली होती, अण्णा.”

“आमच्यासारख्या दमट हवेत दोन दिवसांत काय वाळतंय? आठ दिवस वाळव. आणि रडत बसू नकोस, उद्याच मनुका भिजत घाल.”

मी तेच केलं. तिसरी बरणी जमली.

कोठीसाठी मी उत्तरेची खोली निवडली होती. तिला खिडकी नव्हती, भिंत विहिरीच्या बाजूची होती आणि जमीन सारवलेली. भर मे महिन्यातही आत पाऊल टाकलं की तळव्यांना गार लागायचं. एकदा गावाजवळच्या कंपनीच्या वसाहतीतले एक साहेब दुखरी पाठ दाखवायला आले आणि त्यांना दारातून त्या बरण्या दिसल्या. त्यांना वाईनचा शौक होता. परदेशातून आणलेली एक बाटली त्यांनी दोन वर्षं फ्रिजवर उभी करून जपली होती. उघडली तेव्हा बूच वाळून भुगा झालेलं आणि आतलं सगळं आंबट.

“डॉक्टर, तुमचं कसं टिकतं?” त्यांनी कळवळून विचारलं.

मी कोठी दाखवली. उजेड नाही, हलवाहलव नाही, गारवा एकसारखा. ते म्हणाले, वाईनचंही अगदी असंच असतं. फ्रिजचं डोकं म्हणजे घरातली सगळ्यांत गरम जागा, हे त्यांना तेव्हा ठाऊक असतं तर! बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा शिरत नाही. मग त्यांनी मला एक गोष्ट सुचवली, ती माझ्या फार उपयोगी पडली. अर्धी रिकामी बरणी ठेवू नका, आतली हवाच माल बिघडवते. वापरायचं आसव लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवा. तेव्हापासून माझ्या कोठीत बरण्यांच्या शेजारी तपकिरी बाटल्यांची रांग लागली. आणि त्या बाटल्यांनीच मला पुढचा पेच आणून दिला.

दामू माझ्याकडे पहिल्यांदा आला तो एका दुपारी. तिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर कामाला जाणारा गडी. “बाई, भूकच लागत नाय,” म्हणाला. जीभ पाहिली, नाडी पाहिली, एक बाटली दिली. जेवणानंतर दोन चमचे पाण्यातून, महिनाभर पुरेल असं सांगितलं. चौथ्या दिवशी हजर.

“फुटली, बाई.”

मी दुसरी दिली. पुन्हा आठवड्याच्या आत आला तेव्हा मात्र त्याचे डोळे पाहून मला कळलं. मी नाही म्हटलं. तो वाद न घालता गेला. त्यानंतर माझ्याकडे अचानक अशक्त माणसं फार यायला लागली. कुणाच्या आईला ग्लानी, कुणाच्या चुलत्याला भूक नाही. सगळी डोलवीच्या शिफ्टची पोरं. मला वाटलं, नाव होतंय आपलं.

मग एक दिवस ओटीसमोर एक बाई येऊन उभी राहिली. काळीसावळी, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. डोक्यावर पाटी. पाटी खाली ठेवली आणि त्यातून एकेक रिकामी बाटली काढून माझ्या पायरीवर मांडायला लागली. सगळ्या माझ्या. पायरी भरली, तेव्हा ताठ उभी राहून म्हणाली, “ह्या घ्या तुमच्या. मी दामूची बायको, हिरा.”

मी एक बाटली उचलून हुंगली.

“गुत्त्यावर गेला तर लोक बोलतात. तुमच्याकडं आला तर म्हंतात औषिद घेतो. माज्या सासूला पन तसाच वाटतंय. बाय गो, तुमी शिकलेल्या. तुमाला समजत नाय का काय देता ते?”

“मी त्याला बंद केलं होतं, हिरा. दुसऱ्यांच्या नावाने नेत असेल.”

“मंग आता काय करता?” तिने विचारलं. त्यात राग नव्हता. खरोखरच विचारत होती.

त्या दिवशी संध्याकाळी घरात बोलणं झालं. हे म्हणाले, “बंदच कर ना. बाजारात मिळतं. उगाच कशाला पापात पाय?” मला क्षणभर पटलंही. पण दुसऱ्या दिवशी निडीहून एक म्हातारी आली. क्षयातून उठलेली, अंगावर मांस नाही, नुकती कुठे पेज पचायला लागलेली. तिला मी दोन चमचे दिले. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “पोटात जरा ऊब आली.” मी ठरवलं, आसव बंद होणार नाही. बाटली बंद होईल.

दवाखान्यात पाटी लावली. ज्याला आसव हवं त्याने इथे यावं, माझ्यासमोर दोन चमचे प्यावे आणि जावं. फक्त ज्यांना मी घरी जाऊन पाहिलंय, त्या बाळंतिणींच्या आणि म्हाताऱ्यांच्या घरी मी स्वतः बाटली पोचवीन. लोक नाराज झाले. दोन चमच्यांसाठी कोण रोज चालत येणार? काहीजण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. डोलवीची शिफ्ट तर रातोरात ठणठणीत बरी झाली, एकालाही ग्लानी येईना.

आठवड्याने हिरा पुन्हा आली.

“मना कामाला ठेवा,” ती म्हणाली.

“कसल्या कामाला?”

“तेच. ह्ये करता ते. मनुका धुवाला, बरन्या घासाला. मी मिठागरावर काम केलेली हाय, हात घट्ट हायत. आनि मी हितं असली तर त्याची येवाची हिंमत नाय.”

मी तिला ठेवलं. नवऱ्याची ज्या वस्तूने माती केली तीच वस्तू ही बाई रोज सकाळी हाताने करायची, याचं मला नवल वाटायचं. एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, “वस्तूचा काय दोष? मीठ जास्त झाला तर कालवन फेकतो, मीठ फेकतो का?” ती पट्ट्या अशा गुंडाळायची की महिन्याने सोडवताना माझी नखं दुखायची. ओटीवर कुणी लाळघोट्या आवाजात आसव मागायला आला, तर मी तोंड उघडण्याआधी हिरा आतून ओरडायची, “कोन हाय रं? आईचं नाव काय तुज्या? चल, मी येते तिला बघाला!” आणि ओटी रिकामी.

दामू खरंच आला नाही. पण तो सुटलाही नव्हता. त्याने गुत्ता धरला. कधी हिरा यायची तेव्हा तिच्या दंडावर वळ असायचे. मी बोलायला गेले की ती म्हणायची, “मनुका झाल्या का भिजून?” एकदा मीच तिला म्हटलं, काही दिवस माहेरी जा. ती म्हणाली, “मी गेली तर त्याला आडवनार कोन?”

असं वर्ष सव्वा वर्ष गेलं. मग ते पावसाळ्याचे दिवस आले. नागोठण्यात राहणाऱ्याला अंबा नदीचा पूर नवा नाही. पाणी बाजारात येतं, दोन पायऱ्या चढतं, उतरतं. लोक सामान वर ठेवतात आणि चहा करतात. त्या दिवशी मात्र सकाळपासून पाऊस थांबलाच नाही, त्यात खाडीला भरतीची वेळ. हे शाळेच्या कामाला रोह्याला गेलेले आणि रस्ता बंद झालेला. हिराचं घर खालच्या आळीत, म्हणून ती सासूला शेजारच्या पक्क्या घरात बसवून माझ्याकडे आली. आम्ही दवाखान्याची पेटी, कपडे, धान्य माळ्यावर चढवत होतो, तेवढ्यात पाणी उंबऱ्यावरून आत आलं.

“बाय, कोठी!” हिरा ओरडली.

कोठीत सात बरण्या होत्या. त्यांतल्या दोन मुरून तीन वर्षांच्या झालेल्या. पाणी शिरताच तूस वर तरंगायला लागलं आणि त्याच्या आधाराने उभ्या असलेल्या बरण्या डुलायला लागल्या. बरणीत नदीचं पाणी शिरलं की संपलं. एकेक बरणी उचलायला दोन धट्टीकट्टी माणसं लागतात. आम्ही दोघींनी पहिली कशीबशी शिडीपर्यंत ओढली. शिडीवर चढेना. मी घामाने आणि पाण्याने निथळत होते. तेव्हा दारातून कमरेएवढ्या पाण्यातून दामू आत आला.

“हिरा हाय का इथं?” त्याने विचारलं. तो तिला शोधत आला होता. शुद्धीत होता.

हिरा त्याच्याकडे बघत राहिली. मग मीच म्हटलं, “दामू, बरण्या माळ्यावर चढवायच्यात. येशील?”

त्याने गोणपाटाची झोळी केली, विहिरीचा दोर तिला बांधला, दोराचं दुसरं टोक माळ्याच्या तुळईवरून टाकलं आणि वर चढला. आम्ही खालून उचलायचो, तो वरून ओढायचा. त्याच्या दंडाच्या शिरा दोरासारख्या दिसत होत्या. चार बरण्या चढल्या. पाचवी, तीन वर्षांची, माळ्याच्या काठाशी आली आणि झोळी फाटली. दामूने झडप घालून ती छातीशी धरली, पण बरणी तुळईवर आपटून फुटली. सगळं आसव त्याच्या अंगावर. डोक्यापासून पायापर्यंत.

तो वास मी जन्मात विसरणार नाही. तीन वर्षं मुरलेल्या मनुका, मध, वेलदोडे. सगळं घर त्या वासाने भरून गेलं. दामू डोळे मिटून उभा होता. ओठांवरून थेंब ओघळत होते. हिराने खालून हाक मारली, “अवो!” त्याने हाताच्या पंजाने तोंड पुसलं, पंजा तुळईला पुसला, आणि दोर पुन्हा खाली सोडला.

सहावी चढली. सातवी आम्ही सोडून दिली, कारण पाणी आमच्या छातीला लागलं होतं. त्याने आम्हा दोघींनाही दोराने वर घेतलं.

माळा आमचा बुटका, मध्येसुद्धा वाकूनच उभं राहता येतं. सहा बरण्यांमधली पाच आणि आम्ही तिघं, गुडघ्याला गुडघा लागलेला. दुपारची वेळ, पण आत अंधारून आलेलं. खाली पाणी भिंतींवर आपटत होतं. पाच बरण्यांचा गारवा अंगाला लागत होता आणि फुटलेल्या पाचवीचा वास तुळयांमधून उतरत नव्हता. दामू कापत होता. थंडीने कापतोय की आणखी कशाने, हे विचारायची गरज नव्हती. एका बरणीची पट्टी चढवताना सैल झाली होती. तो त्या पट्टीकडे बघत होता.

“बाई,” तो म्हणाला, “एक घोट द्या. थंडी वाजतेय.”

मी वैद्य आहे. भिजून गारठलेल्या माणसाला मी चमचाभर आसव किती वेळा दिलं असेल. त्याने आमचे जीव वाचवले होते. माझा हात हलला नाही, पण नकोही म्हणवेना. मी हिराकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. ती एवढंच म्हणाली, “बाय, तुमी देऊ नका. त्यांना घेवाचा असेल तर त्ये घेतील. आपन दोघी बायका, आडवनार कशा?”

दामूने अंगातला शर्ट काढला, त्याचा बोळा केला आणि खाली पाण्यात फेकला. उभा राहून पाठीने कौलं सरकवायला लागला. एक, दोन, चार कौलं बाजूला झाली आणि पाऊस आत कोसळायला लागला.

“काय करता?” हिरा किंचाळली.

“भायेर बसतो.”

“वाहून जाल! मराल!”

“इथं बसलो तर बरनीवर हात जाईल,” तो म्हणाला. “तिथं पडलो तर नदीत पडेन.”

आणि तो वर चढून उघड्या अंगाने छपरावर बसला. हिरा उठली, कौलांच्या भोकातून हात बाहेर काढून तिने त्याचा घोटा धरला. पाणी उतरायला संध्याकाळ झाली. तोवर तिने तो घोटा सोडला नाही आणि त्याने पाय ओढून घेतला नाही. तिच्या बाहीतून पाऊस तिच्या कुशीत वाहत होता. मी बरण्यांच्या मधे बसून होते. आयुष्यात इतकी वैद्यकी केली, पण त्या दिवशी माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं.

इथे गोष्ट संपवली तर ती छान वाटेल. पण खरं सांगायचं तर दामू त्या दिवशी सुटला नाही. गणपतीत पुन्हा प्यायला. हिरा तेव्हाही कामावर आली आणि मनुका झाल्या का भिजून, म्हणून विचारलं. होळीच्या आधी तो स्वतः दवाखान्यात येऊन उभा राहिला. “बाई, चमच्याचं नको. दुसरं काय हाय?” म्हणाला. माझ्याकडे जे होतं ते मी दिलं. त्यातला गुण औषधाचा किती आणि त्याचा स्वतःचा किती, हे मला सांगता येणार नाही. त्यानंतरही तो एकदा घसरला. मग मात्र नाही. डोलवीचं कंत्राट संपलं तेव्हा मी त्यालाही कामाला ठेवलं. हे म्हणाले, “अगं, कोठीत?” मी म्हटलं, “कोठीतच. बरण्या दुसऱ्या कुणाला उचलवतात?”

फुटलेल्या बरणीची जोडीदार, ती दुसरी तीन वर्षांची, पुढे पाच वर्षांची होऊन उघडली. तसं आसव मला पुन्हा जमलं नाही.

आता माझा दवाखाना बंद आहे. गुडघे चालत नाहीत. पण दर वर्षी एक बरणी अजून लागते, गावातल्या बाळंतिणींसाठी. सगळं काम हिराच करते, मी खुर्चीत बसून उगाच सूचना देते. बरणी उघडायच्या दिवशी दामू सकाळी येतो. तूस बाजूला करतो, बरणी एकट्याने उचलून ओटीवर आणून ठेवतो, हात धुतो. मग चपला घालून नदीच्या रस्त्याने चालू लागतो. हिरा बरणीजवळ बसून त्याच्या पाठीकडे बघत असते. तो वळणाआड दिसेनासा होतो, तेव्हा ती पहिली पट्टी सोडवते.